नोबेल ‘मॅनेज’ होतं म्हणणाऱ्या मेसेजमधला एकेक मुद्दा

ऑक्टोबरचा पहिला आठवडा आला की नोबेलचे निकाल लागायच्या आधीच एक मेसेज फिरायला लागतो. दरवर्षी तोच, शब्द थोडे इकडचे तिकडे. ज्यांच्यापर्यंत आला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो: नोबेलचा पैसा स्वीडन सरकार देतं, त्यामागे आजही दारूगोळ्याच्या कंपन्या आहेत, नॉमिनेशन पैसे भरून मिळतं, निवड राजा आणि त्याची पाचसात माणसं बंद खोलीत करतात, भारतीयांना ठरवून डावललं जातं म्हणूनच भौतिकशास्त्रज्ञ सत्येंद्रनाथ बोस यांना मिळालं नाही, आणि गणिताला नोबेल नाही कारण नोबेलची बायको एका गणितज्ञाबरोबर पळून गेली. खाली नेहमीचं ‘जास्तीत जास्त शेअर करा’.

गंमत म्हणजे नोबेलवर टीका करण्यासारखं भरपूर आहे, पण ह्या मेसेजमध्ये त्यातलं जवळपास काहीच नाहीये. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

पैसा स्वीडन सरकारचा, हा पहिला मुद्दा. साफ चूक. आल्फ्रेड नोबेल १० डिसेंबर १८९६ ला इटलीत सान रेमोला वारला. त्याच्या आधीच्या वर्षी, २७ नोव्हेंबर १८९५ ला, त्याने पॅरिसमध्ये मृत्युपत्रावर सही केली होती, वकील वगैरे न लावता, चार साक्षीदारांसमोर. सगळी मालमत्ता विकून पैसा ‘सुरक्षित रोख्यांत’ गुंतवायचा, मुद्दलाला हात लावायचा नाही आणि त्याच्या व्याजातून दरवर्षी पाच बक्षिसं द्यायची, असं त्यात म्हटलंय. रक्कम निघाली ३ कोटी १० लाख स्वीडिश क्रोनरच्या वर, म्हणजे त्याच्या मालमत्तेचा बहुतेक सगळा भाग. ज्या संस्थांनी बक्षिसं ठरवायची त्यांना त्याने आधी विचारलंसुद्धा नव्हतं, आणि पैसा सांभाळणारी संस्था तर तेव्हा अस्तित्वातच नव्हती. नातेवाईक भडकले, खटल्याची भाषा सुरू झाली, आणि स्वीडनचा राजा दुसरा ऑस्कर म्हणाला की तुमच्या काकांच्या डोक्यात शांततावाद्यांनी काहीतरी भरवलंय, तुम्ही हे बदलून घ्या. हे तो नोबेलच्या पुतण्याला, इमॅन्युएलला म्हणाला होता. पुतण्याने ऐकलं नाही म्हणून आज नोबेल आहे. म्हणजे ज्या सरकारने आणि राजघराण्याने हे बक्षीस ‘चालवलं’ असं मेसेज म्हणतो, त्या राजाला मुळात ते नकोच होतं.

मृत्युपत्र अमलात आणायचं काम ज्याच्यावर आलं तो राग्नार सोल्मान तेव्हा पंचविशी जेमतेम ओलांडलेला पोरगा. नोबेलचा बराच पैसा फ्रान्समध्ये अडकला होता आणि तिथल्या कोर्टकचेरीत तो आणखी अडकायची भीती होती, म्हणून हा माणूस पॅरिसच्या बँकेतून शेअर्स आणि रोखे काढायचा, घोडागाडीत घालायचा आणि स्वतः हातात रिव्हॉल्वर घेऊन बाजूला बसून स्वीडनच्या वकिलातीत न्यायचा, तिथून बांधाबांध करून ते लंडन आणि स्टॉकहोमला रवाना व्हायचे. ह्यात सरकारी अनुदान कुठे बसतं ते मेसेज लिहिणाऱ्यालाच ठाऊक.

नोबेल फाउंडेशनची, म्हणजे पैसा सांभाळणाऱ्या त्या संस्थेची, नियमावली २९ जून १९०० ला मंजूर झाली, पहिली बक्षिसं १९०१ ला, प्रत्येकी १,५०,७८२ क्रोनर. आणि पुढे सरकारने काय केलं? टॅक्स लावला! फाउंडेशनला करमाफी मिळाली ती थेट १९४६ ला. तोवर व्याज कमी, महागाई जास्त, वर कर, असं चालून १९२३ ला बक्षीस १,१४,९३५ क्रोनरवर आलं, आजवरचं सगळ्यात कमी. मग १९५३ ला सरकारने नियम सैल केले, शेअर्स आणि जागाजमिनीत पैसा घालायला मोकळीक मिळाली, आणि तिथून फंड परत वर यायला लागला, तरी १९०१ च्या बक्षिसाची खरी किंमत परत गाठायला १९९१ उजाडलं. आता फंड सहा अब्ज क्रोनरच्या आसपास आहे आणि तो शेअर्स, रोखे, प्रॉपर्टी, हेज फंड अशा सगळ्यात विखुरलेला आहे. बाजार पडला की त्याची झळ बक्षिसालाही बसते: २००१ पासून १ कोटी क्रोनर होतं, २०१२ ला ८० लाख केलं, २०१७ ला ९० लाख, २०२० ला परत १ कोटी, २०२३ पासून १ कोटी १० लाख. सरकारची तिजोरी मागे असती तर असे चढउतार कशाला झाले असते, सांगा ना.

एका ठिकाणी मात्र मेसेज अर्धा बरोबर निघू शकतो, फक्त त्याला ते माहीत नाही. अर्थशास्त्राचं बक्षीस. ते नोबेलच्या मृत्युपत्रात नाहीच. स्वीडनच्या मध्यवर्ती बँकेने, म्हणजे रिक्सबँकेने, आपल्या तीनशेव्या वर्षानिमित्त १९६८ ला ते सुरू केलं, पहिलं १९६९ ला दिलं, आणि त्याचे पैसे बँकच भरते. त्यावरून नोबेलच्या घराण्यातल्याच काहींनी नाराजी दाखवलीये आणि अर्थशास्त्राबाहेरचे लोक टोमणे मारत असतात. फाउंडेशननेही नंतर ठरवलं की आता नवीन विषय जोडायचा नाही. एवढं लिहिलं असतं तर मेसेजला थोडी तरी किंमत आली असती.

आता दारूगोळा. नोबेलचा पैसा स्फोटकांमधून आला हे कोणीच लपवत नाही, डायनामाइटचं पेटंट १८६७ चं, पुढे बिनधुराची बॅलिस्टाइट नावाची दारू, शेवटच्या काळात बोफोर्स कंपनीही त्याच्या मालकीची होती. पण मृत्युपत्रातच ‘विका’ असं म्हटलंय आणि सगळं विकलं. आजच्या कुठल्या डायनामाइट कंपनीचा नफा फाउंडेशनकडे येत नाही. हां, एक गोष्ट खरी घडलीये आणि ती टोचणारी आहे: २०१७ ला शांततेचं नोबेल अण्वस्त्रविरोधी मोहिमेला, ‘आयकॅन’ला मिळालं, आणि त्याच सुमारास बातम्या आल्या की फाउंडेशनचा काही पैसा ज्या फंडांत आहे त्या फंडांमध्ये अण्वस्त्रांशी संबंधित कंपन्यांचे शेअर्स आहेत. फाउंडेशनने त्यातून बाहेर पडतो असं जाहीर केलं. लाजिरवाणं होतंच. पण मोठे फंड न बघता पैसा कुठेही गुंतवून बसतात त्यातला हा प्रकार, दारूगोळावाले बक्षीस चालवतात ह्याचा पुरावा नाही.

पुढचा मुद्दा, नॉमिनेशन पैसे भरून मिळतं. इथे जरा थांबू या कारण सगळ्यात जास्त गोंधळ इथेच आहे.

विज्ञानाच्या नोबेलसाठी अर्जच नसतो. फी नाही, फॉर्म डाउनलोड नाही, स्वतःचं नाव सुचवलं तर ते धरत नाहीत. आदल्या सप्टेंबरमध्ये कमिटी जगभरातल्या निवडक लोकांना पत्रं पाठवते, फिजिक्ससाठी तीन हजारांच्या घरात: स्वीडनच्या विज्ञान अकॅडमीचे (फिजिक्सचं नोबेल हीच ठरवते) सदस्य, आधीचे विजेते, स्वीडन-नॉर्वे-डेन्मार्क-फिनलंड-आइसलंडमधले त्या विषयाचे प्राध्यापक, आणि बाकीच्या देशांतली दरवर्षी निवडलेली काही विद्यापीठं. उत्तर ३१ जानेवारीच्या आत. त्यातून काही शे नावं निघतात, मग वसंत ऋतूत बाहेरच्या तज्ज्ञांकडून मतं मागवायची, उन्हाळ्यात कमिटीने अहवाल लिहायचा, सप्टेंबरमध्ये अकॅडमीत चर्चा आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला बहुमताने मतदान. त्यावर अपील नाही.

‘अमुक नेत्याला नोबेलचं नॉमिनेशन मिळालं’ ह्या ज्या बातम्या असतात त्या बहुतेक शांततेच्या नोबेलच्या असतात, आणि तिथे कुठल्याही देशाचा खासदार, मंत्री, इतिहास-कायदा वगैरेंचा प्राध्यापक नाव सुचवू शकतो. २०२५ ला ३३८ नावं आली होती. त्यात नाव असणं म्हणजे कोणीतरी एकाने पत्र लिहिलं, बास. १९३९ ला स्वीडनच्या एका खासदाराने चिमटा काढायचा म्हणून हिटलरचं नाव पाठवलं होतं, मग मागे घेतलं. स्टालिनचं नाव तर दोनदा आलं. तेव्हा कोणाचं ‘नॉमिनेशन’ ऐकून पेढे वाटू नका आणि छातीही बडवू नका. पैसे भरायला तिथे खिडकीच नाहीये.

मग कंपन्यांचा काहीच संबंध येत नाही का? येतो, आणि एकदा बरीच बोंबाबोंब झाली होती. २००८ ला मेडिसिनचं अर्धं नोबेल हाराल्ड त्सुर हाउझेन यांना मिळालं, गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमागे एचपीव्ही विषाणू आहे हे दाखवल्याबद्दल. त्याच वेळी अॅस्ट्राझेनेका ही औषध कंपनी नोबेलच्या वेबसाइट आणि मीडियाचं काम बघणाऱ्या कंपन्यांची स्पॉन्सर होती, आणि एचपीव्हीच्या लसीतून तिला पैसा मिळत होता. स्वीडनच्या सरकारी वकिलाने ह्यात लक्ष घातलं, शेवटी कोणावर खटला झाला नाही. त्सुर हाउझेन यांचं काम नोबेलच्या तोडीचं होतं ह्याबद्दल कुठल्याही डॉक्टरला विचारा, पण अशी स्पॉन्सरशिप घेणं हा मूर्खपणा होता असं माझं स्पष्ट मत आहे. नीट बघा, इथे पैसा बक्षिसाच्या रकमेत आला नव्हता, प्रसिद्धीच्या बाजूला आला होता. बक्षिसाचा पैसा सांभाळणारं फाउंडेशन वेगळं, निवड करणाऱ्या संस्था वेगळ्या, आणि फाउंडेशनला निवडीत मत नाही. ही मधली भिंतच तर सगळ्यात महत्त्वाची आहे, आणि २००८ ला तिला निदान बाहेरून तरी तडा गेल्यासारखं दिसलं.

राजा निवडतो, हा मुद्दा एका ओळीत संपतो: राजा मेडल हातात देतो. १९०१ च्या पहिल्या समारंभात तर तेही राजाने नाही, युवराजाने दिलं.

बंद खोलीतली पाचसात माणसं, हे मात्र पूर्ण खोटं नाहीये. फिजिक्सची कमिटी मुळात पाच जणांची, तीन वर्षांची मुदत, गरजेप्रमाणे जास्तीचे सदस्य घेतात. पण निर्णय कमिटीचा नसतो, कमिटी शिफारस करते आणि मत सगळ्या रॉयल स्वीडिश अकॅडमी ऑफ सायन्सेसचं असतं. मेडिसिनला कारोलिन्स्का इन्स्टिट्यूट ह्या स्वीडनच्या वैद्यकीय विद्यापीठातल्या ५० प्राध्यापकांची असेंब्ली. शांततेचं नोबेल ऑस्लोला, तिथे मात्र खरंच पाच जण आणि तेही नॉर्वेच्या संसदेने निवडलेले, त्यामुळे तिथे कोणी राजकारणाचा आरोप केला तर मी हुज्जत घालणार नाही. विज्ञानाच्या बाबतीत प्रत्यक्ष मतदानाच्या दिवशी किती चर्चा उरते हा प्रश्न आहेच. ४ ऑक्टोबर २०२३ ला केमिस्ट्रीची तीन नावं सकाळीच ईमेलने स्वीडिश मीडियाकडे गेली, अकॅडमीची बैठक सुरू व्हायच्या कितीतरी आधी. कमिटीचे अध्यक्ष म्हणाले चूक झाली, अजून काही ठरलेलं नाही, बैठक साडेनऊला आहे. नंतर जाहीर झाली ती तीच नावं. म्हणजे प्रेसनोट आधीच तयार असते आणि मतदान बहुतेकदा शिक्क्यापुरतं, असं कोणी म्हटलं तर मला पटेल. पण शिक्क्याच्या आधी आठ महिने जे चालतं ते कागदावर असतं, आणि ते कागद ५० वर्षांनी उघडतात. कोणी कोणाला सुचवलं हे बरंचसं ऑनलाइनही बघता येतं. जुनी गुपितं स्वतःच बाहेर ठेवणारी ही कसली टोळी?

आणि ते कागद उघडल्यावर जे दिसतं ते कारस्थानापेक्षा जास्त मजेशीर आहे. आइन्स्टाइनचंच घ्या. त्याचं नाव १९१० पासून येत होतं, ढिगाने येत होतं. कमिटीतले अल्वार गुलस्ट्रांड, स्वतः डोळ्यांच्या कामासाठी मेडिसिनचं नोबेल मिळालेले, त्यांना सापेक्षतावाद पटतच नव्हता आणि त्यांनी त्याविरुद्ध लांबलचक अहवाल लिहिला. १९२१ ला अकॅडमीने चक्क कोणालाच फिजिक्सचं बक्षीस दिलं नाही, पुढे ढकललं. मग कार्ल विल्हेल्म ओसेन नावाच्या सदस्याने वाट काढली की सापेक्षतावाद बाजूला ठेवू, फोटोइलेक्ट्रिक इफेक्टच्या (प्रकाश पडल्यावर धातूतून इलेक्ट्रॉन सुटतात त्याच्या) नियमासाठी देऊ. तसं १९२२ ला १९२१ चं बक्षीस आइन्स्टाइनला मिळालं, आणि अकॅडमीच्या पत्रात वर लिहिलं होतं की सापेक्षतावादाची पुढे खात्री पटल्यावर त्याला जे मोल येईल ते इथे धरलेलं नाही. ह्यात कोणी पैसे खाल्ले नाहीत, कोणाचा फोन आला नाही. एक हुशार पण अडेलतट्टू माणूस, आणि त्याला दुखवायला नको म्हणून काढलेली पळवाट. नोबेलच्या बऱ्याच चुका ह्याच जातीच्या आहेत.

१९०३ चंही असंच. फ्रान्समधून जे पत्र गेलं त्यात रेडिओअॅक्टिव्हिटीसाठी पिएर क्यूरी आणि बेकरेल ही दोनच नावं होती, पिएरची बायको मेरी हिचं नावच नाही. अकॅडमीतले स्वीडिश गणितज्ञ मिट्टाग-लेफ्लर ह्यांनी पिएरला आतून कळवलं, त्याने उलट लिहिलं की माझं नाव खरंच विचारात असेल तर आमचं दोघांचं धरा, आणि मग कुठे मेरीचं नाव आत गेलं. त्यांना पाव पाव, बेकरेलला अर्धं. नियमांचं कौतुक करण्यासारखी ही गोष्ट नाही, कारण एका माणसाने नियम मोडून पत्र लिहिलं म्हणून न्याय झाला.

आता बोस. हा मुद्दा भावनेचा आहे म्हणून जपून लिहितो.

सत्येंद्रनाथ बोस यांचं गाजलेलं काम, प्रकाशकणांच्या सांख्यिकीवरचं, १९२४ चं. त्यांचं नाव नोबेलसाठी पहिल्यांदा सुचवलं गेलं १९५६ ला, मग १९५९, मग १९६२. सुचवणारे सगळे भारतातलेच. म्हणजे तीस वर्षं कोणी पत्रच लिहिलं नव्हतं, आणि पत्राशिवाय कमिटी नाव घेऊच शकत नाही. नंतर नाव आलं तेव्हा स्वीडिश भौतिकशास्त्रज्ञ ऑस्कर क्लाइन ह्यांच्याकडे मत मागितलं आणि त्यांचं मत पडलं की हे नोबेलच्या तोडीचं नाही. ते मत चुकीचं होतं असं मलाही वाटतं. बोस १९७४ ला गेले, त्यांच्या नावाचं कंडेन्सेट (अणू अतिथंड केल्यावर होणारी पदार्थाची एक वेगळी अवस्था) प्रयोगशाळेत बनलं १९९५ ला, आणि ते बनवणाऱ्यांना नोबेल मिळालं २००१ ला. वाईट वाटतं. पण ‘भारतीय म्हणून’ असं म्हणणाऱ्याने सी. व्ही. रामन यांचं काय करायचं? रामन परिणाम फेब्रुवारी १९२८ चा आणि नोबेल १९३० ला, फक्त दोन वर्षांत, पारतंत्र्यातल्या देशातल्या माणसाला. का? कारण रामन यांनी आपलं काम जगभर पोचवलं होतं आणि रदरफर्ड, नील्स बोर अशा लोकांनी त्यांच्यासाठी पत्रं लिहिली. खरा पक्षपात तिथे आहे: तुमचं नाव लिहिणारा मोठा माणूस तुमच्या ओळखीचा असला पाहिजे. जो युरोप-अमेरिकेच्या वर्तुळात नाही त्याचं पत्र उशिरा जातं किंवा जातच नाही. ह्यावर बोला ना, खुशाल बोला.

आणि त्या वर्तुळातले तरी सगळे कुठे सुटतात. जर्मनीचे भौतिकशास्त्रज्ञ आर्नोल्ड सोमरफेल्ड, ८० च्या वर वेळा नाव गेलं, नोबेल शून्य. लीझे माइटनर, चाळीसहून जास्त वेळा, शून्य, आणि अणुविखंडनाचं नोबेल एकट्या ऑटो हानला, त्यांच्या सहकाऱ्याला. पल्सार (ठरावीक अंतराने रेडिओलहरींचे ठोके देणारे तारे) शोधणारी जोसलिन बेल तेव्हा विद्यार्थिनी, १९७४ चं नोबेल तिच्या गाइडला. फिजिक्सच्या नोबेलमध्ये २०२५ पर्यंत बायका किती, तर पाच. मेसेज लिहिणाऱ्याला भेदभावच दाखवायचा होता तर हा आकडा समोर पडलेला होता.

तीनपेक्षा जास्त जणांना देत नाहीत हा नियमही मेसेजमध्ये नाही, पण माझ्या मते आज सगळ्यात जास्त अन्याय त्यानेच होतो. २०१७ ला गुरुत्वीय लहरींसाठी तिघांना मिळालं, मूळ पेपरवर हजाराच्या वर लोकांची नावं होती. त्यातले एक मुख्य, रोनाल्ड ड्रेव्हर, त्याच वर्षी मार्चमध्ये गेले, आणि मेलेल्या माणसाला देत नाहीत. जाहीर झाल्यावर माणूस गेला तर चालतं. २०११ ला मेडिसिनसाठी निवडलेले राल्फ स्टाइनमन निकालाच्या तीन दिवस आधीच वारले होते आणि अकॅडमी काय किंवा कारोलिन्स्का काय, कोणालाच पत्ता नव्हता. मग नियमाचा अर्थ लावत बसले आणि बक्षीस कायम ठेवलं, ते बरंच केलं. मृत्युपत्रात ‘मागच्या वर्षी’ केलेल्या कामाला द्या असं आहे, ते तर कोणी पाळतच नाही, कारण घाई केली की १९२६ सारखं होतं: योहानेस फिबिगर यांना कृमींमुळे कॅन्सर होतो असं दाखवल्याबद्दल दिलं आणि ते निष्कर्ष पुढे चुकीचे ठरले. आणि थांबलं की पेटन राउससारखं होतं, कोंबड्यांमध्ये विषाणूमुळे कॅन्सर होतो हा शोध १९११ चा, नोबेल १९६६ ला, बिचारे ८७ वर्षांचे झाले होते.

राहता राहिली गणितज्ञाबरोबर पळून गेलेली बायको. नोबेलने लग्नच केलं नव्हतं.